वसई ग्रह, व्हाया विरार फास्ट

वसाहतीचं जहाज तयार आहे. आता उतरायचं कुठे? जवळच्या रखरखीत ग्रहावर, की लांबच्या हिरव्यागार ग्रहावर? स्क्रीनवर टक्केवारी झळकते, लाल-हिरवे रंग येतात आणि खेळाडू डोकं खाजवत बसतो. अंतराळातल्या डावपेचाच्या गेममध्ये निम्मी मजा याच क्षणाची असते. वसई-विरारकराला मात्र यात फारसं नवल वाटू नये. त्याच्या तालुक्यात हाच डाव सव्वादोन हजार वर्षं चाललाय, आणि प्रत्येक नव्या खेळाडूनं आधीच्याचा हिशेब उलटवलाय. म्हणून इथे दोन्हीकडच्या गमती एकाच ताटात वाढल्या आहेत.

ग्रह सापडायच्या आधीच गेम आला

या प्रकारच्या गेमना ‘फोर-एक्स’ म्हणतात. हे नाव ॲलन एम्रिक या समीक्षकाचं. ‘मास्टर ऑफ ओरायन’ या गेमची ओळख करून देताना १९९३मध्ये त्यानं ते वापरलं. शोधा, पसरा, उपसा आणि उरलेल्यांना संपवा, अशी त्यातली चार कामं. इंग्रजीत चारही शब्दांत ‘एक्स’चा उच्चार येतो, म्हणून हे नाव.

गंमत पुढेच आहे. त्या १९९३ साली सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा एकही परका ग्रह कुणाला ठाऊक नव्हता! पल्सार नावाच्या मेलेल्या ताऱ्याभोवतीचे ग्रह आदल्या वर्षी सापडले होते, पण सूर्याच्या जातीच्या ताऱ्याचा पहिला ग्रह ‘५१ पेगासी बी’ जाहीर झाला १९९५मध्ये. तो शोधणाऱ्या मेयर आणि केलोझ यांना नोबेल मिळालं २०१९मध्ये. म्हणजे पोरं माऊस घेऊन शेकडो ग्रहांवर वस्त्या करून मोकळी झाली, आणि खगोलशास्त्रज्ञ मागाहून पोचले.

त्याच १९९३मध्ये जेम्स कास्टिंग आणि सहकाऱ्यांचा ताऱ्याभोवतीच्या राहण्याजोग्या पट्ट्याचा गाजलेला निबंध आला. पृथ्वी-सूर्य अंतराला १ धरलं, तर आपल्या सूर्याचा पट्टा त्यांच्या सावध हिशेबानं ०.९५पासून १.३७पर्यंत. शुक्र ०.७२वर, मंगळ १.५२वर. दोघेही नापास! तरी जगभरच्या गेम कंपन्यांचा जीव मंगळावरच.

मार्क जमिनीला नाहीत, येणाऱ्याला

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘स्टेलारिस’ २०१६मध्ये आला. त्यात राहण्याजोग्या ग्रहांचे नऊ प्रकार आहेत: तीन कोरडे, तीन ओले, तीन थंड. तुमची जमात समुद्री ग्रहाची असेल, तर समुद्री ग्रहाला ८० टक्के, दुसऱ्या ओल्या ग्रहांना ६० आणि वाळवंटाला किंवा बर्फाला अवघे २०. वाळवंटी जमातीसाठी हेच गणित उलटं. एकच ग्रह एकाला स्वर्ग, दुसऱ्याला शिक्षा.

वसईत हे पाहायला दुर्बीण लागत नाही. अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत किनाऱ्यावर कोळी. त्यांना होडी लावायला वाळू हवी आणि मासळी सुकवायला ऊन-वारा हवा, शेतीशी फारसं देणंघेणं नाही. जरा आत आलात की वाडवळ आणि सामवेदी कुपाऱ्यांच्या वाड्या: केळी, पानवेली, फुलं, गोडं पाणी. खाडीच्या अंगाला आगरी. जिथे वाडीवाल्याचं केळीचं रोप एका उधाणात जळेल, तिथे आगरी माणूस बांध घालून खारेपाटात भात काढणार किंवा सरळ मिठागर मांडणार. आणि पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराकडे वारली, मल्हार कोळी, कातकरी. एवढ्याशा तालुक्यात चार हवामानं, आणि प्रत्येकाची टक्केवारी वेगळी. कोळ्याला डोंगर दिला किंवा वारल्याला मिठागर दिलं, तर खर्च वाढणार आणि उत्पन्न घटणार. स्टेलारिसमध्येही अगदी तेच होतं: टक्के कमी, तर माणसाला सोयी-सुविधा जास्त लागतात आणि त्याच्या हातून काम कमी होतं.

मास्टर ऑफ ओरायनमध्ये एक जमात मात्र नियम धाब्यावर बसवते. सिलिकॉइड नावाचे ते दगडी जीव कुठल्याही विषारी ग्रहावर पहिल्या दिवसापासून राहतात आणि प्रदूषणाचं त्यांना काहीच वाटत नाही. फक्त त्यांची संख्या फार सावकाश वाढते. पाणथळीत भराव टाकून टॉवर उठवणारे याच कुळातले असावेत असं मला फार दिवस वाटतंय, पण वाढीचा वेग जुळत नाही.

पहिलं लँडिंग: सोपारा

नालासोपारा स्टेशनवर उतरणाऱ्या गर्दीला सांगून पाहा की आपण एका आंतरराष्ट्रीय बंदरात उतरतोय. टॉलेमीच्या भूगोलात हे बंदर आहे, ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तिकेतही आहे. १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणवणारा ढिगारा खणला, तेव्हा आतून बौद्ध स्तूप आणि अवशेषांचा करंडक निघाला. त्याच वर्षी त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा मिळायला १९५६ उजाडावं लागलं, तो भुईगावच्या किनाऱ्याकडे. पाटलीपुत्राच्या सम्राटानं आपला हुकूम कोरून लावावा, एवढं हे ठिकाण नकाशावर ठळक होतं.

मग डाव का हरला? खाडी गाळानं भरत गेली. जहाजं येईनात, व्यापारी दुसरीकडे वळले. जमीन तीच, पाणी तेच, हवा तीच. वाट तेवढी बंद झाली. ही खूण ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोर्तुगीजांनी मुंबई का नाही निवडली?

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई पोर्तुगीजांना दिली, आणि तिच्यासोबत मुंबईची बेटंही. दोन्ही ग्रह एकाच फटक्यात हाती! अशा वेळी चांगला खेळाडू काय करतो? जास्त मार्कांच्या ग्रहावर राजधानी, कमी मार्कांचा ग्रह भाड्यानं. पोर्तुगीजांनी तेच केलं. वसईला ‘उत्तरेचा दरबार’ थाटला आणि मुंबई बेट खंडानं लावून दिलं. ते काही काळ गार्सिया द ओर्ता या वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाकडे होतं.

वसईची गुणपत्रिका तेव्हा खरंच देखणी होती. पाठीशी सुपीक वाड्या, विहिरींना गोडं पाणी, जहाजबांधणीला लागणारं लाकूड जवळच्या जंगलात. दगड तर असा की जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागासाठी तो इथून गेला. किल्ल्याला एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे. आत चर्च, मठ, हवेल्या. तटाच्या आत एक अख्खं शहर. आज सागरी दरवाजातून बाहेर पडलं की समोर जेटी, वाळत घातलेली जाळी आणि ओल्या बोंबलाचा वास. साहेब गेले, कोळी उरले.

मुंबईची गुणपत्रिका वाचण्यासारखी नव्हती. सात बेटं, मधे दलदल, भरतीला पाणी आत, ओहोटीला चिखल, बारा महिने ताप. तिथे आलेला गोरा माणूस दोन पावसाळे काढेल तर नशीब, असं तिथले इंग्रजच म्हणत. हा नापास ग्रह पोर्तुगालच्या राजानं १६६१मध्ये बहीण कॅथरिनच्या लग्नात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिला. चार्ल्सलाही तो नकोसा झाला. त्यानं १६६८मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. खोल बंदर होतं ते मुंबईला. दलदल बुजवता आली, तापाला औषध निघालं. पण खोल पाण्याचं बंदर कुठल्याच तंत्रज्ञानानं वसईच्या खाडीत आणून ठेवता आलं नाही. मास्टर ऑफ ओरायनमध्येही हा डाव आहे: जितका ग्रह राहायला वाईट, तितकी तिथे खनिजं दडलेली असण्याची शक्यता जास्त. नवखा खेळाडू हिरवा ग्रह घेतो, मुरलेला खेळाडू विषारी ग्रहाची खूणगाठ बांधून ठेवतो.

तोफा, घंटा आणि पळालेले पेशवे

मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मोहिमेच्या आधी वज्रेश्वरीला नवस बोलला होता, तो देऊळ बांधून फेडला. किल्ल्यातल्या पोर्तुगीज फौजेला मानानं बाहेर पडू दिलं. घंटा मात्र विजेत्यांनी नेल्या, आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा वसईचीच मानली जाते. गेममध्ये ग्रह जिंकला तरी आतली माणसं तिथेच राहतात, फक्त झेंडा बदलतो. इथेही वाड्यांमधले ख्रिस्ती शेतकरी जागचे हलले नाहीत. आजही नाताळात गावच्या गावं उजळलेली दिसतात.

पुढे ३१ डिसेंबर १८०२ला दुसऱ्या बाजीरावानं होळकरांच्या धसक्यानं पळून येऊन याच वसईत इंग्रजांशी तह केला. जिथे काकांच्या काकांनी… जाऊ द्या, पेशव्यांची नाती सांगायला दुसरा लेख लागेल.

इथून बाहेर पडलेला मुशाफिर

वसाहत म्हणजे नुसतं येणं नव्हे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानपर्यंत गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले. १८६२मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत.

बावखल: गरिबाचं टेराफॉर्मिंग

गेममधली सगळ्यात महागडी कामं टेराफॉर्मिंगची, म्हणजे ग्रहाची हवा-पाणी बदलून टाकायची. १९९९च्या ‘अल्फा सेंटॉरी’त तर तुम्ही जमीन उचलून डोंगर करू शकता. वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून डोंगराच्या पश्चिम उतारावर पाऊस आणि पूर्वेला कोरड. सह्याद्री पाहिलेल्या मराठी पोराला हा नियम शिकवावा लागत नाही. कोकण हिरवं आणि माणदेश कोरडा का, हे त्याला पुस्तकाआधीच कळलेलं असतं.

वसईच्या वाडीवाल्यांनी डोंगर उचलले नाहीत, खड्डे खणले. बावखल म्हणजे वाडीतलं काही गुंठ्यांचं तळं. कडेला नारळ, काठावर रहाट, पाण्यावर शेवाळाची साय, मधूनच डुबकी मारणारा पाणकावळा. पावसाळ्यात बावखल तुडुंब भरायचं आणि ते पाणी हळूहळू आजूबाजूच्या जमिनीत उतरायचं. उन्हाळ्यात त्याच्यावर वाडी जगायची.

पण बावखलाची खरी करामत जमिनीखाली असते. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. त्यामुळे किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं, दुधावर साय असावी तसं. घायबेन-हर्झबर्ग नियम म्हणतो की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोड्याचा थर टिकतो. हिशेब उलटाही लागतो: वरून १ मीटर पाणी उपसलं, तर खालून खारं पाणी ४० मीटर वर सरकायला मोकळं. बोअरवेलवर पंप लावून टँकर भरणाऱ्याला हे ४० मीटर दिसत नाहीत. शेजारच्या वाडीतली केळ पिवळी पडते तेव्हा दिसतात. आणि बावखल बुजवून वर बिल्डिंग उभी राहिली, की वरचा भरणाही बंद आणि उपसा दुप्पट. बावखलं वाचवायला गावोगाव माणसं उभी राहिली ती काही हौसेनं नाही.

अर्नाळ्याच्या बेटावरच्या किल्ल्यात अष्टकोनी तळं आहे. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी! गेममध्ये असं काही दिसलं, तर खेळाडू सगळी कामं सोडून आधी तिथे झेंडा रोवेल.

ग्रहाचं खास उत्पादन

प्रत्येक गेममध्ये एखाद्या ग्रहावर दुसरीकडे न मिळणारी वस्तू असते. वसईची म्हणजे सुकेळी. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात आठवडाभर आलटून-पालटून वाळवायची. रंग मधासारखा तपकिरी झाला आणि बोटाला चिकटायला लागली, की केळीच्याच सोपटात बांधायची. साखर नाही, तेल नाही, फक्त ऊन. ढग आले की सगळं मुसळ केरात. वसईचं विड्याचं पानही एके काळी थेट पाकिस्तानात जायचं. या सगळ्यापुढे स्टेलारिसमधले दुर्मीळ स्फटिक मला तरी फिके वाटतात.

हायपरलेन आली रे!

स्टेलारिसमध्ये आधी प्रवासाचे तीन मार्ग होते, ज्याला जो हवा तो. २०१८मध्ये कंपनीनं ते मोडून सगळ्यांना एकाच मार्गावर आणलं: हायपरलेन, म्हणजे ताऱ्यांमधले ठरलेले बोगदे. खेळाडूंनी बोंब मारली, पण गेम सुधारला. कारण त्यानंतर ग्रहाचे मार्क किती यापेक्षा तो कुठल्या वाटेवर आहे हे मोलाचं झालं.

वसईची हायपरलेन १२ एप्रिल १८६७ला सुरू झाली. विरारहून मुंबईच्या बॅकबेला जाणारी एक गाडी, परतीची एक. त्या पहिल्या स्टेशनांच्या यादीत वसईच्या खाडीतलं पाणजू बेटही होतं. आज बेटावरून गाड्या धडधडत जातात, पण स्टेशन नाही. पाणजूकरांनी वर्षानुवर्षं नायगावला होडीनं यायचं आणि मग तीच गाडी पकडायची. हायपरलेन दारातून जाते आणि ग्रहाला थांबा नाही. असा छळ गेममध्येही कुणाला सुचलेला नाही.

मग लोंढा आला. मुंबईत घर परवडेना, विरारला परवडे. चर्चगेट-विरार सुमारे ६० किलोमीटर. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या भरली १२ लाख २२ हजार. यातल्या कितीजणांनी घर घेताना पाण्याची, मातीची, भरतीरेषेची चौकशी केली असेल? स्टेशनपासून रिक्षा किती घेते, विरार फास्टमध्ये चौथी सीट तरी मिळते का, हे विचारलं असणार. आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सोपाऱ्याची वाट बंद झाली तेव्हा चांगली जमीन ओस पडली, इथे वाट उघडली तर खाजणातही शहर उभं राहिलं. टक्केवारी नंतर.

नंतर म्हणजे किती नंतर? ‘सर्व्हायव्हिंग मार्स’ या २०१८च्या गेममध्ये पाण्याची सोय केल्याशिवाय माणसं उतरवलीत, तर ती सरळ मरतात. वसई-विरारमध्ये आधी माणसं उतरली, मग पाण्याची शोधाशोध सुरू झाली. उसगाव, पेल्हार, पापडखिंड ही जवळची धरणं पुरेनात, म्हणून डहाणूकडच्या सूर्या नदीवर नजर गेली. सूर्या प्रादेशिक योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची, त्यात वसई-विरारचा वाटा १८५, बाकीचं मीरा-भाईंदरला. डोंगराखालून बोगदे काढून ते पाणी आणावं लागलं. तोवर जिना चढून हंडे नेणाऱ्या बायकांनी आणि टँकरवाल्याचा नंबर पाठ असलेल्या सोसायट्यांनी कमी टक्केवारीचा दंड रोख भरला.

२०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली, आणि पालघर-बोईसरच्या जागांचे भाव विचारणारे वाढले. बुलेट ट्रेनच्या यादीतही विरारचं नाव आहे.

धोक्याचे इशारे

सर्व्हायव्हिंग मार्समध्ये उतरायची जागा निवडतानाच चार धोके दाखवतात: धुळीची वादळं, वावटळी, उल्का, थंडीच्या लाटा. घराच्या जाहिरातीत अशी पट्टी कधी पाहिली आहे? जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल अडकल्या. पावसाचं पाणी पूर्वी ज्या खाजणात आणि मिठागरात पसरायचं, तिथे इमारती होत्या. पाणी जुन्या पत्त्यावर आलं, एवढंच.

जोडायचं, की जोडून घ्यायचं नाही?

३ जुलै २००९ला वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा, विरार या चार नगरपालिका आणि भोवतालची गावं मिळून महानगरपालिका झाली. गावांना हे पटलं नाही. ‘गावं वगळा’ म्हणत मोठं आंदोलन झालं, प्रकरण कोर्टात गेलं. त्याआधी वाड्या वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसईची चळवळ झाली होती. हेच दिब्रिटो पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. स्टेलारिसमध्येही नाराज ग्रह उत्पन्न कमी देतात, फारच चिडले तर बंड करतात. पण तिथे ग्रामसभा घेऊन, ठराव करून, पुढारी बदलून पुन्हा ठराव करणारी जमात अजून आलेली नाही. पुढच्या आवृत्तीसाठी कंपनीनं वसईत माणूस पाठवावा.

आपल्या नावाचा ग्रह

२०१९मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं भारताला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव द्यायला दिला. ताऱ्याचं नाव ठेवलं ‘बिभा’, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून. ग्रहाचं ‘संतमस’, जे पुण्यातल्या एका शाळकरी मुलानं सुचवलं. राहायला हा ग्रह कसा? गुरूसारखा वायूचा गोळा, ताऱ्याला इतका चिकटलेला की त्याचं वर्ष दोन दिवसांत संपतं. उतरायला जमीन नाही, वर भट्टी. कुठल्याही गेममध्ये शून्य टक्के.

खेळायचंय?

खिसा हलका असेल तर ‘फ्रीओरायन’ फुकट आहे. त्यात ग्रहांचे नऊ प्रकार एका चक्रावर मांडलेत. आपल्या जमातीच्या घरापासून चक्रावर जितके लांब, तितकी वस्ती अवघड. अगदी जुना कॉम्प्युटर असेल तर १९९३चा मास्टर ऑफ ओरायन आजही टकाटक चालतो आणि एका रविवारात संपतो. स्टेलारिस मात्र एका रविवारचं काम नव्हे, आणि विरार फास्टमध्ये तर अजिबातच नाही. तिथे दोन्ही हात कड्यांना लागतात.